ब्रेन फॉग: बदाम सोडून बोला

वडगावची_अक्का · मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगाव भागात राहते, पंचेचाळिशी आली, एका पतसंस्थेत काउंटर आणि लेजर दोन्ही बघते. गेले काही महिने डोकं चालत नाही असं वाटतंय, ब्रेन फॉग म्हणतात तसं. दुखत नाही, चक्कर नाही, नुसतं जड. एकच पान परत परत वाचते आणि खाली पोचेपर्यंत वरचं गेलेलं असतं. रोजच्या खातेदाराचं नाव ओठावर येऊन थांबतं. समोरचा कन्नडमध्ये बोलला की मी कन्नडमध्ये सुरू करते, मध्येच अडते, मराठीत येते, तिथेही अडते, आणि मग पासबुक पुढे करून नुसती हसते. इतकी वर्षं ह्या दोन भाषांत रोजचा व्यवहार चाललाय, असं कधी झालं नव्हतं.

दुपारी साडेतीननंतर सगळ्यात वाईट. रात्री अंथरुणाला पाठ लागली की मात्र डोकं लख्ख! उद्याचा डबा, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आलीय, मुलाच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) क्लासची फी, गॅस बुक करायचाय. साडेबारा-एक वाजतो. आणि नळाचं पाणी पहाटे सोडतात त्या दिवशी पहाटे उठायचं.

यूट्यूबवर बघितलं तर सगळे 'सेल्फ केअर' करा म्हणतात. पहाटे उठा, ध्यान करा, डायरी लिहा, थंड पाण्याने आंघोळ करा. हे सांगणाऱ्याला एकदा जुलै महिन्यात बेळगावला आणून ठेवायला पाहिजे.

कुणाला असं झालंय का? कशाने फरक पडला? एकच विनंती, बदाम भिजवून खा हे सांगू नका. सासूबाई, जाऊबाई, आमचा शिपाई, सगळ्यांनी सांगून झालंय आणि बदामही खाऊन झालेत.

तिसरं_रेल्वे_गेट · मंगळवार, रात्री ११:२०

बदाम नको म्हणालात म्हणून अक्रोड सांगतो. रागावू नका, निवृत्त मास्तर आहे, गंमत करायची खोड आहे.

गांभीर्याने सांगायचं तर सकाळचं चालणं. मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जातो. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष मला असंच झालं होतं, दिवसभर पेंगल्यासारखं. कामाची वेळ गेली, उठण्याची वेळ गेली, दुपारी दोन तास झोप आणि रात्री टक्क जागा. चालायला लागल्यावर रात्रीची झोप जागेवर आली. ब्राह्मीही घेतली होती, तिचा उपयोग झाला की चालण्याचा, सांगता येणार नाही. चालणं फुकट आहे म्हणून त्याला श्रेय देतो.

उद्यमबाग_नाईट · बुधवार, सकाळी ७:१५

अक्का, होय की ओ, हे मला नाईटच्या आठवड्यात हमखास होतंय. सीएनसी मशीनवर ऑफसेटचा (मापातल्या फरकाचा) आकडा टाकायला गेलो की आकडा बघूलालोय, बघूलालोय, आणि डोक्यात काय शिरंना. आत्ताच पाळी सुटून आलोय. हे लिहितानासुद्धा तीनदा खोडलं.

आमच्यात एक जुने फोरमन होते, ते सांगायचे की पहाटे तीन ते पाचच्या मध्ये कुणीही नवीन सेटिंग करायचं नाही, चाललेला जॉब चालू ठेवायचा, फक्त मोजत राहायचं. तेव्हा वाटायचं म्हातारा भितो. आता कळतंय ते शहाणपण कसलं होतं.

माझं एवढंच जमलंय: नाईटला शेवटचा चहा रात्री दोनच्या आधी. पूर्वी पाचला गाड्यावर कडक घ्यायचो आणि घरी येऊन अकरापर्यंत छताकडे बघत पडायचो. आणि खिडकीला जाड काळं कापड. बायको म्हणते खोलीत दिवसाढवळ्या वटवाघूळ झोपतंय. म्हणू दे.

मलप्रभेकाठचा · बुधवार, दुपारी २:०५

मी खानापूर तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी काय विचारतो ते लिहितो.

ब्रेन फॉग हा आजार नव्हे, लक्षण आहे, तापासारखं. ताप आला की तो डेंगीचा, मलेरियाचा की टायफॉइडचा हे आपण शोधतो, नुसती पॅरासिटामॉल देऊन वर्षभर बसत नाही. इथे मात्र लोक थेट ब्राह्मी, बदाम नाहीतर ध्यानाकडे वळतात, आणि महिन्यांमागून महिने जातात.

अक्का, आधी रक्त तपासा. तुमच्या वयाच्या बाईत मला सगळ्यात जास्त सापडतो तो अ‍ॅनिमिया. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, आणि पाळीला रक्त जास्त जात असेल तर ते हळूहळू इतकं खाली येतं की बाईला कळतही नाही, ती म्हणते वय झालं. कधी हिमोग्लोबिन बरं असतं पण लोहाचा साठा संपलेला असतो. तो फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. त्याच्या जोडीला थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, आणि बी-१२.

बी-१२ वर जरा थांबतो, कारण आपल्या भागात शाकाहारी घरं भरपूर. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, दही, अंडी, मासे, मटण ह्यांतूनच मिळतं, भाजीपाल्यातून नाही. चहात घातलेलं चार चमचे दूध म्हणजे दूध पिणं नव्हे. कमतरता वाढली की विसरभोळेपणा, चिडचिड, जीभ सोलवटल्यासारखी, तळपायाला मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, असं एकेक लागतं. बऱ्याच प्रयोगशाळांत मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता समजतात. आणि कुणी नुसत्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या खात असेल तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून आपल्या मनाने गोळ्या नकोत.

मग औषधं. रोज काय काय घेता ते सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, दुकानातून स्वतः आणलेलंही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ कमी होऊ शकतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते आणि दुसऱ्या दिवशीही डोकं मंद राहू शकतं. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

आणि झोप. किती तास हे तर विचारतोच, पण घोरता का, झोपेत श्वास अडतो असं घरचे म्हणतात का, आठ तास झोपूनही उठल्यावर थकवा असतो का, हेही विचारतो.

एक वेगळी गोष्ट, सगळ्यांसाठी. गोंधळ अचानक सुरू झाला, बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय उचलेना, किंवा आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी आली, तर तो फॉग नव्हे. १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात जा. म्हातारं माणूस दोन दिवसांत एकदम भरकटलं तरी तसंच. लघवीच्या संसर्गाने किंवा अंगातलं सोडियम उतरल्याने असं होतं, आणि घरचे म्हणतात म्हातारचळ.

चिकोडी_रोड · बुधवार, दुपारी ४:३०

राग मानू नका, पण आमच्या आई-आजीला हे फॉग-बिग काही नव्हतं. दहा माणसांचं घर, जनावरं, शेत. आता मिक्सर आहे, गॅस आहे, तरी थकवा. मोबाईल कमी करा, सगळं जातंय.

निपाणीची_मास्तरीण · बुधवार, रात्री ९:१०

चिकोडी रोड, माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. संध्याकाळी घरी आली की उंबऱ्यात बसायची आणि हाक मारली तरी बराच वेळ ओ द्यायची नाही. घरातले म्हणायचे, तिची तंद्री लागलीय. कुणी हिमोग्लोबिन तपासलं नाही. पुढे एकदा शस्त्रक्रियेच्या वेळी तपासलं तेव्हा डॉक्टरांनी आधी रक्त चढवलं. तेव्हा नव्हतं म्हणू नका, तपासलेलं नव्हतं म्हणा.

आता अक्कांसाठी. मला हे कोविडनंतर झालं. ताप गेला, वास परत आला, पण वर्गात फळ्याकडे वळले की काय लिहायचं होतं ते जायचं. सगळे म्हणायचे हिंडा-फिरा, व्यायाम करा, मोकळं वाटेल. मी जोर लावून एक दिवस सगळं उरकायचे, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मग एका डॉक्टरांनी उलटं सांगितलं: तुम्हाला बरं वाटतं त्या दिवशीसुद्धा निम्म्यावर थांबा. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. सगळं काम एका दमात न करता तुकडे पाडायचे, दोन तुकड्यांच्या मध्ये दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं, हातात फोन न घेता. ऐकायला सोपं, करायला फार अवघड, कारण बाई दुपारी पडली की घरात तीन माणसं विचारतात, बरं नाही का?

मास्तरांच्या चालण्याला माझा विरोध नाही. पण ज्यांना श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी जास्तच ढासळल्यासारखं होतं, त्यांनी चालण्याचा हट्ट धरू नये. हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

मलप्रभेकाठचा · बुधवार, रात्री ९:४८

मास्तरीणबाईंनी लिहिलंय ते पूर्ण बरोबर. कोविडनंतर काहींना असा त्रास राहतो. चिकुनगुन्या आणि डेंगीनंतरही थकवा बराच काळ रेंगाळू शकतो. श्रमानंतर चोवीस तासांनी त्रास वाढत असेल तर व्यायाम वाढवायचा नाही. बाकीच्यांना मात्र चालण्यासारखं औषध नाही.

निपाणीचा विषय निघाला म्हणून एक विचारतो. मिसरी लावणाऱ्या कुणी वाचताहेत का? रात्री जेवणानंतर मिसरी लावून झोपायची सवय आपल्याकडे बऱ्याच बायकांना आहे. तंबाखूतलं निकोटिन उत्तेजक आहे, झोप लागायला उशीर होतो आणि लागलेली उथळ राहते. माझ्याकडे येणाऱ्या बायका चहा किती ते सांगतात, मिसरीचं सांगत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच, तो वेगळा.

निपाणीची_मास्तरीण · बुधवार, रात्री १०:०२

मी लावत नाही, पण आमच्या गल्लीत विचारायला जाऊ नका, चपला मिळतील.

वडगावची_अक्का · बुधवार, रात्री ११:३०

डॉक्टर, तुम्ही लिहिलेला कागद बनवला. बनवताना माझीच मला गंमत वाटली. अ‍ॅसिडिटीची गोळी, सकाळी उपाशीपोटी, किती वर्षं झाली आठवत नाही. मृगापासून रोज शिंका, म्हणून रात्री सर्दीची गोळी, तीही दुकानातलीच. चहा ऑफिसात चार, घरी दोन. मांसाहार चालतो, पण श्रावण, मार्गशीर्ष पाळतो, आणि एरवीही मटण आलं की चांगले तुकडे पोरांच्या ताटात जातात, माझ्या वाट्याला रस्सा. श्रावणामुळे बी-१२ कमी होत असेल का?

आणि हो, पाळी. महिन्याऐवजी तीन आठवड्यांनी येते, कधी दोन महिने येत नाही, आणि आली की चार दिवस ऑफिसात उभं राहवत नाही.

मलप्रभेकाठचा · गुरुवार, सकाळी ६:५०

श्रावणाला दोष देऊ नका. बी-१२ यकृतात साठलेलं असतं आणि तो साठा वर्षानुवर्षं पुरतो, एका महिन्याने काही होत नाही. रोजच्या ताटात काय येतं ते महत्त्वाचं, आणि तुमच्या ताटात रस्सा येतोय.

पाळीचं लिहिलंत ते फार कामाचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, नुसतं वय म्हणून सोडू नका. अ‍ॅसिडिटीची गोळी एकदम बंद करू नका, जळजळ उलटून वाढते, विचारून कमी करा. सर्दीची मात्र बदलून घ्या.

गोवावेस_सर्कल · गुरुवार, सकाळी ११:१५

अक्का, माझं वय ४९, आणि तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, इतकं ते माझंच आहे. पाळी जायच्या आधीची काही वर्षं असं होतं, हे मला सत्तेचाळिशीत कळलं. तोवर मी स्मृतिभ्रंश झाला असं धरून चालले होते, कारण आमच्या आत्याला होता. रात्री घाम फुटून जाग यायची, पंखा लावायचा, परत थंडी, चादर ओढायची, ह्यातच रात्र जायची. झोप अशी तुकड्यांची झाली की दिवसा डोकं चालणार कसं?

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. हार्मोन्समधल्या चढउतारांनी लक्ष आणि शब्द आठवणं ह्यांवर परिणाम होतो, आणि बहुतेकींचं ते पुढे सुधारतं. हे ऐकूनच मी निम्मी बरी झाले. उपचारही आहेत, हार्मोनचे आणि बिनहार्मोनचे, पण कुणाला चालतात कुणाला नाही ते तपासून ठरतं, म्हणून माझ्या गोळीचं नाव लिहीत नाही.

घरात सांगितलं का? मी सांगितलं. मुलगा अठरा वर्षांचा आहे, त्याच्यापुढे बोलायला आधी संकोच वाटला. पण तोच आता रात्री पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवतो.

अथणी_ते_वाकड · गुरुवार, दुपारी १:४०

मी अथणीचा, कामाला पुण्यात, वय २७, त्यामुळे हार्मोनचं कारण माझं नाही. माझं निदान सरळ होतं: पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ऑफिसचे, तीन घरचे, दोन मित्रांचे, रात्री दोनपर्यंत रील. संध्याकाळी सातनंतर कॉफी बंद केली. निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातच्या कपातलं निम्मं रात्री बारालाही अंगात असतं.

अक्कांसाठी एक सुचवतो, चूक वाटलं तर सोडा. काउंटर आणि लेजर एकाच वेळी बघणं हाच घोळ आहे. माणूस एका आकड्यावरून दुसऱ्या माणसाकडे आणि परत आकड्यावर आला की दर वेळी सुरुवातीपासून धागा पकडावा लागतो. तुम्हीच सांगितलंत की साडेतीननंतर डोकं जातं. मग लेजर सकाळी पहिल्या दीड तासात, काउंटर दुपारी, असं मॅनेजरांना विचारून बघा. आकड्यांची चूक कमी होईल म्हटलं की ते ऐकतील. तब्येत म्हटलं की ऐकणार नाहीत, रजा टाका म्हणतील.

(इथला एक प्रतिसाद काढला आहे. 'सात दिवसांत मेंदू स्वच्छ' करणाऱ्या पावडरीची जाहिरात होती. मेंदू साफ करायच्या पावडरी ह्या धाग्यावर चालणार नाहीत. – व्यवस्थापक)

तिसरं_रेल्वे_गेट · गुरुवार, दुपारी ३:००

व्यवस्थापक, काढायच्या आधी किंमत तरी बघू द्यायची होती.

चिकोडी_रोड · गुरुवार, रात्री ८:२०

मास्तरीणबाई, तुमचं वाचून काल बायकोला विचारलं. तीही हेच म्हणाली, दुपारनंतर डोकं जड. इतकी वर्षं कधी बोलली नव्हती. चिकोडीला सरकारी दवाखान्यात रक्त तपासतात, उद्या नेतो. मोबाईलचं मात्र माझं मत तेच आहे.

जांबोटीचा_पाऊस · गुरुवार, रात्री ९:३५

आमच्याकडे पावसाळ्यात आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. घरात दिवसासुद्धा दिवा. सगळ्यांची झोप पसरते, सकाळी उठवत नाही, रात्री लवकर येत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं म्हणतात, तर ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त असतो. मी उठलो की छत्री घेऊन गोठ्यापर्यंत जातो आणि चहा तिथेच पडवीत उभ्याने पितो. म्हशीला आवडतं, मलाही.

बाकी कुणी एक मुद्दा काढला नाही म्हणून मी काढतो. माझा भाऊ असाच गप्प-गप्प असायचा, कशात लक्ष नाही, विचारलं ते आठवत नाही. आम्ही रक्त तपासलं, सगळं चांगलं. ते मनाचं निघालं. धारवाडला डिमहान्स ह्या मनोरुग्णांच्या सरकारी दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली, आता शेतात असतो. दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, आवडीचंही नकोसं वाटत असेल, तर तेही सांगायला पाहिजे डॉक्टरांना. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, आणि आपल्या भाषेत बोलतात.

मलप्रभेकाठचा · गुरुवार, रात्री १०:१५

जांबोटी, धन्यवाद. हे मीच पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं. नैराश्यात माणूस दर वेळी रडतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त मंद होतो.

वडगावची_अक्का · पुढच्या बुधवारी, रात्री १०:०५

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.६, बी-१२ १५४, थायरॉइड आणि साखर ठीक. लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केलीत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी झाली, गर्भाशयात लहान गाठ आहे, काळजीचं नाही म्हणाल्या, पण रक्त त्यामुळे जास्त जातंय. सर्दीची गोळी बदलली. डोकं लगेच उघडलं असं काही नाही. पण सकाळी उठताना जो जडपणा असायचा तो सर्दीची गोळी गेल्यावर चारच दिवसांत कमी झाला, हे नक्की.

लेजरचं मॅनेजरांशी बोलले, तुमच्याच शब्दांत, चुका कमी होतील म्हणून. दहा ते साडेअकरा लेजर, नंतर काउंटर. मान्य केलं. शिपायाला वाटतंय मला बढती मिळाली.

घरातलं सांगते, कारण त्याचाच जास्त उपयोग झाला. रात्री डोक्यात जी यादी फिरायची ती एका वहीत उतरवली. लिहून काढल्यावर समजलं की यादी माझी नाहीच, घराची आहे. नवऱ्याला म्हटलं मदत नको, गॅस, वीजबिल आणि आईंच्या गोळ्या ह्या तीन गोष्टी आजपासून तुमच्या, मी आठवणही करणार नाही. पहिल्याच आठवड्यात गोळी एक दिवस चुकली. सासूबाईंनी मला हाक मारली. मी म्हटलं, तुमच्या लेकाला विचारा. जीभ चावत गप्प बसले, पण बसले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने फोनमध्ये गजर लावला. मुलाकडे पहाटेचं पाणी दिलंय, तो तसाही अभ्यासाला उठतो, म्हणजे उठतो असं सांगतो तरी.

आणि परवा मटण होतं. ताटात तुकडे घेतले. कुणी काही बोललं नाही. मला उगाच वाटत होतं बोलतील.

डॉक्टर, दोन शंका. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंय, घाबरायचं का? आणि गोळी चहाबरोबर घेतली तर चालते का, कारण चहा सहा वेळा आहे, मध्ये फटच नाही.

गोवावेस_सर्कल · बुधवार, रात्री १०:२०

तीन गोष्टी देऊन टाकल्या! मी अजून गॅसवरच अडकलेय.

मलप्रभेकाठचा · बुधवार, रात्री १०:४०

काळं होणं लोहामुळे आहे, घाबरू नका. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर मात्र लगेच दाखवा. चहाबरोबर अजिबात नको, चहाने लोह अंगात कमी शिरतं. आधी-नंतर निदान तासभर अंतर ठेवा आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी. पोटात मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरेपर्यंत आणखी काही महिने गोळ्या चालतात. बहुतेक जण बरं वाटलं की सोडतात आणि वर्षात परत येतात. आणि सहाचे चहा चारवर आणा, म्हणजे फट आपोआप पडेल.

उद्यमबाग_नाईट · गुरुवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, माझंही एक. तुम्ही घोरण्याचं लिहिलं होतं ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते मी घोरता घोरता मध्येच गप्प होतो, मग एकदम दचकून श्वास घेतो, आणि ती तोपर्यंत मोजत बसते. दिवसपाळीच्या आठवड्यात पूर्ण झोप झाली तरी मच्छे गावाला गाडीवर जाताना डुलकी येते. वजन ९४. मी समजत होतो सगळं नाईटमुळेच.

मलप्रभेकाठचा · गुरुवार, सकाळी ८:०५

दादा, हे नाईटचं वाटत नाही. झोपेत श्वास अडत असण्याची शक्यता बरीच आहे, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यात बीपीही वाढतं, म्हणून आज मोजून घ्या. कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञांकडे जा, झोपेची तपासणी असते, बेळगावात होते. ती होईपर्यंत कुशीवर झोपा, दारू घेत असाल तर बंद, झोपेची गोळी तर मुळीच नको. आणि डुलकी येतेय तोवर स्वतः गाडी चालवू नका, बसने जा. खानापूर रोडवर सकाळी ट्रक किती असतात ते तुम्हाला माहीत आहे.

उद्यमबाग_नाईट · गुरुवार, सकाळी ८:१२

शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा जातो. तोवर शेजारचा पोरगा त्याच पाळीला आहे, त्याच्या मागे बसतो.